गॅसवरचं दूध

चार ॲप वापरून पाहिली आणि कॅलेंडर, रिमाइंडर दोन्ही असलेलं एक पसंत केलं. तेच आईच्या मोबाईलमध्येही टाकलं, तिच्या गोळ्यांच्या वेळा चुकायला नकोत म्हणून. मी कधी कुठे असतो ते तिला कळावं म्हणून माझं कॅलेंडर तिला दिसेल असं करून दिलं, आणि ते साफ विसरून गेलो.

माझ्या कॅलेंडरमधली पहिली नोंद होती : 'रविवार, ११ ते ११.१५, आईला फोन. मग बॅडमिंटन.'

एरवी आईच्या गप्पा म्हणजे मारुतीचं शेपूट. पण त्यानंतर दर रविवारी बोलता बोलता तीच म्हणायची, "चल, ठेवते रे. गॅसवर दूध आहे, उतू जाईल."

मला हायसं वाटायचं. फोन आपण तोडला, असं तरी होत नव्हतं.

काल डॉक्टरांनी तिच्या गोळ्या बदलल्या, म्हणून वेळा बदलायला तिचा मोबाईल हातात घेतला. रिमाइंडरच्या यादीत गोळ्यांच्या खाली एक नोंद तिने स्वतःच टाकलेली होती.



'रविवार, ११.१४ : दूध उतू जाईल म्हणायचं.'