पारदर्शक कारभार

आमच्या तलाव समितीत पाणी तपासायची पद्धत साधी होती. अध्यक्षांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, दोरीला बांधलेली पांढरी तबकडी पाण्यात सोडायची. ती लवकर दिसेनाशी झाली, तर पाणी गढूळ आणि पोहायला बंदी. यंदा ती हातातच दिसेनाशी झाली. माझा पोहण्याचा वर्ग बंद पडायच्या बेतात होता. पोरं बाकांवर पालथी पडून हातपाय मारत होती. “बाबा, तलाव ठणठणीत आहे, तुम्हाला मोतीबिंदू झालाय,” मी म्हणाले. “सूनबाई, अध्यक्षांवर आरोप?” शेवटी समितीने तलावशुद्धी म्हणून सासऱ्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन करवलं. आज त्यांनी तबकडी सोडली. “दिसतेय! थेट तळाशी, माझ्या चोरीला गेलेल्या स्कूटरवर टेकलीये!” माझ्या सचिव नवऱ्याने घाईघाईने ठराव मांडला, “बाबा, पाणी अजून गढूळच आहे.” बंदी तिथल्या तिथे उठली. पहिली उडी नवऱ्याने मारली, सासऱ्यांच्या मदतीने.