पाठमोरे ठसे

काल स्कूबा करायला उतरलेला दादा वर आलाच नव्हता, आणि आज तर समुद्र नुसता पिसाळलेला. धाकटा पाठीवर सिलिंडर बांधून किनाऱ्यावर कधीचा घुटमळत होता. शेजारी वहिनी. जा म्हणेना, नको म्हणेना.

तेवढ्यात त्याला ओल्या वाळूत ठसे दिसले. पायात रबरी फिन्स चढवले की सरळ चालता येत नाही. समुद्राकडे पाठ करून उलट्या पावलांनीच पाण्यात शिरावं लागतं. हे ठसे तसेच होते, टाचा समुद्राकडे. डाव्या ठशाचा कोपरा उडालेला. त्याने हातातले फिन्स पाहिले. डावा तिथेच तुटलेला होता, पण दोन्ही कोरडे ठणठणीत.

लाट येऊन गेली. ठसे जिथल्या तिथे.

"वहिनी, नाही जमायचं," तो कसाबसा म्हणाला. "दादा आता काही… चला, घरी जाऊ."

"बरं, भावजी."

ती वाळूचा चढ चढून थांबली. त्याने समुद्राकडे पाठ फिरवली आणि तो तिच्या दिशेने चालू लागला. पण पावलागणिक वहिनी लांबच जात होती.

"भावजी!" ती किंचाळली. "अहो, उलटे कुठे चाललात?"

त्याने खाली पाहिलं. फिन्स हातात नव्हते.