केशर अंगी लागलं

रंगाईचं दुकान बंद केलं आणि बाबांनी तोंडही बंद केलं. कपडे रंगवण्यात उभा जन्म गेलेला माणूस दिवसभर भिंतीकडे बघत बसायचा. शेवटी मी केशराच्या कॅप्सूल आणल्या. मन प्रसन्न राहतं म्हणे.

"रोज एक. टाळाटाळ चालणार नाही," मी दम भरला.

रोज कामावरून आले की आधी बाटली बघायचे. बरोबर एक कमी असायची. दुसऱ्या आठवड्यात बाबा शीळ घालायला लागले. बोटांची टोकंसुद्धा पिवळी दिसायला लागली. म्हटलं, चला, केशर अंगी लागतंय!

महिन्याभरात बाटली संपली. "बघा बाबा, पडला की नाही फरक?"

बाबा हसत मागच्या दोरीकडे गेले. वाळत घातलेलं वीतभर झबलं त्यांनी काढून आणलं आणि माझ्या सात महिन्यांच्या पोटावर धरून डोळे बारीक करून पाहिलं. पिवळंधमक, कुठे डाग नाही.

"तीस कॅप्सूल फोडल्या, तेव्हा कुठे हा रंग चढला. आणखी एक बाटली आण गं. टोपडं राहिलंय."