हिरवा दोरा

शिष्यवृत्तीच्या अर्जाचे पाकीट आईने चिकटवले नाही. "डिंकाचा काय भरवसा गं," म्हणत तिने त्याचे तोंड हिरव्या दोऱ्याने शिवले आणि शेवटी, गिऱ्हाइकांच्या कपड्यांना मारते तशी, दुहेरी गाठ मारली. आत मुलीच्या गुणपत्रिका होत्या आणि चारदा फाडून पाचव्यांदा लिहिलेला निबंध. शिष्यवृत्ती हुकली, तर कॉलेजऐवजी आईशेजारचे दुसरे शिलाई मशीन तिची वाट पाहत होते.

महिन्याने पाकीट परत आले. सोबत पत्र होते : 'समितीने आपला निबंध बारकाईने वाचला. भाषा आश्वासक आहे. परंतु विचारांना खोली नाही.'

मुलीने पत्राची घडी घातली आणि ती दुसऱ्या मशीनवरची धूळ पुसू लागली. आईने मात्र पाकीट खिडकीच्या उजेडात धरले. टाक्यांवरून सावकाश बोट फिरवत ती गाठीपाशी येऊन थांबली. एकही टाका उसवलेला नव्हता.

"चप्पल घाल," ती म्हणाली.

कार्यालयात सचिवांनी चष्म्यावरून दोघींकडे पाहिले. "बाई, निकाल लागला. एकदा वाचलेला अर्ज आम्ही पुन्हा वाचत नसतो."

"पुन्हा नकाच वाचू, साहेब."

आईने पाकीट त्यांच्या पुढ्यात ठेवले. पिशवीतून आपली कात्री काढून त्यावर ठेवली. मग समोरची खुर्ची ओढून ती ऐसपैस बसली.



"एकदा वाचा."