तंबूची जागा

"इथं चालेल का, भावोजी?" हात्सुएनं पाठीवरची पिशवी ओढ्याकाठी टेकवली.

"तुम्ही म्हणाल तिथं, वहिनी." कुजीनं तंबूच्या खुंट्या बाहेर काढल्या. "जनावर यायचं तर कुठंही येतं. नाहीतर आठवडाभर बसा, शेपूटसुद्धा दिसत नाही."

रानातल्या जनावरांचे फोटो काढणारा म्हणून कुजीचं सगळ्या पंचक्रोशीत नाव होतं. हात्सुएच्या नवऱ्याचा, तेत्सुरोचा, तो शाळेपासूनचा दोस्त. तेत्सुरो हरवला त्यानंतरच्या हिवाळ्यात यानंच आपला जुना कॅमेरा तिच्या हातात ठेवला. घरात बसून राहिलात तर भिंती खायला उठतील, म्हणाला. तेव्हापासून पानं लाल झाली की दोघं तंबू घेऊन निघायची. दरी ती निवडायची, शिकवायचा तो. गाव आधी कुजबुजलं, मग कंटाळलं. ही सातवी दरी होती.

दोन वर्षांपूर्वी तेत्सुरो लाल पाइनखाली उगवणारी महागडी मात्सुताके अळंबी काढायला डोंगरात गेला आणि परतलाच नाही. पायथ्याशी एक वही ठेवलेली असते. वर जाणाऱ्यानं त्यात नाव आणि वाट लिहायची. तेत्सुरोनं 'उत्तरेची दरी' लिहिलं होतं. शोधपथकानं ती दरी अकरा दिवस पिंजून काढली खरी, पण मनापासून कुणीच शोधत नव्हतं. अळंबीवाला आपली खरी जागा वहीत लिहीत नाही, हे इवाते प्रांतातलं शेंबडं पोरही सांगेल. मरताना पोटच्या मुलाला सांगत नाहीत, ते वहीला कशाला सांगतील? सत्तावीस वर्षांच्या संसारात तेत्सुरोनं हात्सुएलाही जागेचा पत्ता लागू दिला नव्हता.

तिला आता एवढंच हवं होतं. त्याची हाडं. देवळातला अस्थिकलश रिकामा होता. त्याच्यापुढे उदबत्ती लावताना तिला रडू येत नसे. रागही येत नसे. आत सगळं बधिर झालं होतं.

पहिल्या दिवशी कॅमेऱ्यात एक कोल्हा मिळाला. दुसऱ्या दिवशी तिनं तंबू वरच्या खडकाखाली हलवायला सांगितला. कुजीनं कुरकुर न करता हलवला. तिथं कामोशिका आला. हा केसाळ रानबोकड पळून जात नाही, माणसाकडे टक लावून बघत राहतो. हात्सुएनंही त्याच्याकडे तसंच बघितलं आणि नऊ फोटो काढले.

"हात जरासुद्धा हलत नाही तुमचा," कुजी कौतुकानं म्हणाला.

"हलायला आत काही उरलंय कुठं?"

दुपारी त्यानं भात टाकला. पिशवीतून मात्सुताके काढली, देठाची ओली माती अंगठ्यानं पुसली आणि चिरली.

"यंदाही आणलीत?"

"परवा बाजारात दिसली. तेत्सुरोची आठवण म्हणून घेतली."

"तुम्हाला तर अळंबीतलं काही कळत नाही, असं ते म्हणायचे."

"खायचं तेवढं कळतं," कुजी हसला. "वाढू?"

तिनं वाटी पुढे केली. शेवटच्या शितापर्यंत खाल्लं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती दरीच्या वरच्या अंगाला चढली. मागोमाग कुजी. लाल सालीच्या पाइनखाली एक छानशी सपाटी होती. खाली पाणी वाजत होतं. मातीत खुरांचे ताजे ठसे होते, झाडांवर कामोशिकानं अंग घासल्याच्या खुणा होत्या.

"आजचा मुक्काम इथं."

कुजी चालतच राहिला. "इथं नको."

"का? ठसे ताजे आहेत."

"अस्वलाची वाट आहे."

"झाडावर नखांचे ओरखडे नाहीत. आधी ते बघायचं, असं तुम्हीच शिकवलंत."

"नको म्हटलं ना एकदा!" आवाज चढला तसा तो स्वतःच दचकला. मग हसला. "तुम्हाला काही झालं तर तेत्सुरोला काय तोंड दाखवू, वहिनी?"

"बरं. तुम्ही म्हणाल तसं."

तिनं कॅमेरा उचलला. "एक फोटो तेवढा काढते. जनावर नाही, पण ऊन चांगलं पडलंय."

कुजी पाठमोरा उभा राहिला.

खडकापाशी परतल्यावर तो तंबू आवरायला लागला. उद्या येतो म्हणून घरी कळवते, असं सांगून हात्सुए एकटीच कड्यावर गेली. फोनला तिथंच रेंज यायची. तिनं कॅमेऱ्यातला सकाळचा फोटो फोनवर घेतला, पाठवला आणि पोलीस ठाण्याचा नंबर लावला.

"कुसाकाबे साहेब, फोटो मिळाला? सात दऱ्या फिरवलं त्याला. म्हणेन तिथं झोपला, एकदासुद्धा नाही म्हणाला नाही. आज म्हणाला. शिपाई घेऊन या, आणि फावडीही आणा."