खिडकीतला लसूण

पात पिवळी पडून बादलीच्या काठावर लोळायला लागली होती. वायरमनने खिडकीतली रंगाची जुनी बादली खाली फरशीवर घेतली, चमच्याने कडेची माती सैल केली आणि पहिला गड्डा मुळांसकट वर काढला. बेताचाच होता, लिंबाएवढा. पण पाकळ्या भरलेल्या होत्या. त्याने तो कागदावर ठेवला, हात साबणाने दोनदा धुतले आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

बायको भाजी शिजवत होती. मधूनच झाकण काढून भांड्यात वाकून बघत होती. झालं की नाही, हे तिला आता डोळ्यांनीच ठरवावं लागायचं.

"येतेस का जरा?"

"आता काय आणखी?"

"ये तर."

तिने गॅस बंद केला, बटण पुन्हा एकदा चाचपून पाहिलं आणि पदराला हात पुसत बाहेर आली.

थंडी सुरू होताना आलेल्या तापात तिचं नाक गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, वास परत येईलही, नाहीही. उग्र काहीतरी हुंगत राहा. त्याच आठवड्यात वायरमनने बादलीत लसणाच्या पाकळ्या खोचल्या. पात आली तशी ती चुरडून तो तिच्या नाकाशी धरायचा. ती मान हलवायची. "कोवळी आहे अजून. गड्डा धरू दे," असं मग तोच म्हणायचा.

ती कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करायची. शंभर माणसांच्या जेवणाची चव नुसत्या वाफेवरून सांगणारी बाई. तापातून उठून कामावर गेली आणि एका सकाळी न पेटलेला गॅस सोडून, हातात काडेपेटी घेऊन उभी राहिली. भांडी घासणारीने धावत येऊन पेटी हिसकावली, म्हणून निभावलं. मालकांनी तिला घरी पाठवलं. "बरं वाटलं की या, वहिनी. जागा तुमचीच आहे." आज सकाळी मात्र त्यांचा फोन आला होता. थंडी सरली, नवीन बाई कायम करा म्हणतेय. वहिनी येणार की नाही, संध्याकाळपर्यंत सांगा.

वायरमनने दोन्ही मुठी पुढे केल्या.

"पाकळी ठेचून आणलीय. ओळख, कुठल्या मुठीत?"

दोन्ही मुठी रिकाम्या होत्या. हा त्यांचा लग्नापासूनचा खेळ. कधी पेपरमिंट, कधी लवंग, कधी नुसतीच हवा. तिला फसवणं त्याला एकदाही जमलं नव्हतं. 'रिकाम्या मुठी दाखवून मला बनवता होय!' एवढं एक वाक्य त्याला ऐकायचं होतं. मग खरा लसूण सोलायला घ्यायचा.

ती वाकली. डावी मूठ हुंगली, उजवी हुंगली. पुन्हा उजवी. डोळे मिटून तिने इतका लांब श्वास घेतला की खांदे वर गेले.

"ही," ती म्हणाली.

"काय?"

"ह्या मुठीत. आला! अहो, आला वास!" तिच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. "तोच. आधी नाकात शिरतो आणि मग डोळ्यांच्या मागे जाऊन बसतो. चांगला जहाल निघाला हो तुमचा लसूण."

वायरमनने उजवी मूठ हळूच मागे घेतली.

"एवढ्या थंडीत रोज सकाळी उठून त्या बादलीपाशी जाऊन उभे राहायचात. शेजारीण मला विचारायची, बादलीत काय सोनं पुरलंय का?" ती हसली. "बघताय काय? फोन लावा मालकांना. उद्यापासून येते म्हणावं. शेगडी मीच पेटवणार."

"उद्याच?"

"मग काय? ती नवीन बाई माझी पातेली करपवून ठेवील तोवर."

वायरमन जागचा हलला नाही.

"बघू तरी केवढी झालीय पाकळी," म्हणत तिने त्याची उजवी मूठ धरली. त्याने ती आणखी आवळली.

"अहो, सोडा! पळवून नेत नाही मी तुमचा लसूण."

"नको. राहू दे."

"लहान पोरासारखं काय करताय?" ती हसत हसत त्याची बोटं ओढायला लागली. अंगठा हलेना. मधलं बोट हलेना. शेवटी करंगळी सुटली आणि तिने आपलं बोट आत सारलं.

तिचं बोट त्याच्या तळव्यावर इकडून तिकडे गेलं. मग थांबलं.

तिने वर पाहिलं नाही. बोट काढून घेतलं. त्याची करंगळी हळूच पुन्हा जागेवर दुमडली आणि आतलं काही सांडू नये अशा बेताने ती मूठ आपल्या दोन्ही हातांनी नीट मिटवून दिली.

"लावा फोन," ती म्हणाली. "सांगा, नव्या बाईलाच ठेवा."

"अगं, पण आत्ता तर तू..."

"आता नाही होत माझ्याच्याने एवढ्या माणसांचं. लावा तुम्ही."

फोन त्याच्या उजव्या खिशात होता. वायरमनने तो डाव्या हाताने काढला.