केसभर

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. कॅलिफोर्नियात ठिबकता नळ दिसला की लोक शेजाऱ्यावरही खेकसत. अशात इनेसने प्रबंधासाठी प्रयोगशाळेतला नळ मुद्दाम ठिबकत ठेवला होता. यंत्र थेंबांचा ताल कागदावर उमटवायचं. इवल्याशा फरकाने हा ताल पार बदलतो, असं तिचं म्हणणं. "कारण इवलंसं तर परिणामही इवलासाच. विषय बदल," तिचे मार्गदर्शक सर म्हणायचे. आज ते शेवटचं बघायला आले, तर सँडविच द्यायला आलेल्या तिच्या आईने नळ घट्ट बंद केलेला. "पाणी वाया चाललं होतं गं!" इनेसने नळ आधी करून ठेवलेल्या पेन्सिलीच्या खुणेवर परत आणला. यंत्राने कालच्यापेक्षा भलतीच नक्षी काढली. बंद करून पुन्हा खुणेवर आणला, तर तिसरीच. "खूण तर तीच आहे," सर पुटपुटले. "केसभर हलला असेल," आई ओशाळली, "तेवढ्याने काय होतंय?" इनेसने सरांकडे पाहिलं. आईने पुन्हा नळाकडे हात नेला. "राहू द्या बाई," सर घाईने म्हणाले, "ठिबकू द्या."